पाणी खात्यातल्या फेलो वहिनी

वहिनींना फेलोशिप मिळाली ती नगरपालिकेच्या विसराळूपणामुळे, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की आम्ही झाकून ठेवलं.

झालं असं की नगरपालिकेनं जाहिरात काढली. नुकतेच पदवीधर झालेले नऊ जण वर्षभरासाठी हवेत. प्रत्येकाला एकेक खातं मिळेल. खात्यात बसून कामकाज शिकायचं आणि जमलं तर खात्याला चार नव्या गोष्टी शिकवायच्या. अट एकच, पदवी मिळून दोनपेक्षा जास्त वर्षं झालेली नसावीत. वयाचं लिहायला मात्र विसरले. नुकता पदवीधर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा, दाढी नुकती फुटलेला किंवा नवी पर्स घेतलेली, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. आणि आमच्या वहिनी नुकत्याच पदवीधर झाल्या होत्या, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

जाहिरात घरी आणली ती मुलीनं, स्वतःसाठी. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरी येऊन नीट वाचली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं, कारण पदवी हातात यायला अजून वर्ष होतं. मग तिनं कागद पुन्हा वाचला, आईकडं पाहिलं आणि म्हणाली, "आई, अगं यात तू बसतेस!"

"मी कुठं बसतेय? गॅसवर भाजी आहे," वहिनी म्हणाल्या.

पण अर्ज त्याच संध्याकाळी भरला गेला.

वहिनींचा नवरा मोटारी बांधतो. जळालेल्या पंपाची तार उलगडायची आणि नवी गुंडाळून द्यायची, याला मोटार बांधणं म्हणतात. दुकान घराच्या खालीच. लग्न झालं तेव्हा वहिनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होत्या, ते वर्ष तसंच राहिलं. पुढं मुलगी शाळेत रुळल्यावर त्यांनी बाहेरून परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. सहा वर्षं लागली. अभ्यास दुकानाच्या गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. संख्याशास्त्रात दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा नवरा एवढंच म्हणाला, "मोटारसुद्धा एका बैठकीत बांधून होत नाही." दुकानावर येणारा प्रत्येक जण त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून गावाच्याही त्या वहिनीच झाल्या. आपणही तेच म्हणू.

कामाच्या पहिल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. "बाई, दाखले मागच्या खिडकीत मिळतात." वहिनींनी पत्र दाखवलं. त्यानं पत्र वाचलं, त्यांना पाहिलं, पुन्हा पत्र वाचलं. वर सभागृहात गेल्या तर तिथली आठही मुलं साहेब आले समजून उभी राहिली. मग खरं कळल्यावर त्यांच्यात खलबतं सुरू झाली, काकू म्हणायचं की मावशी. वहिनींनीच निकाल लावला. "वहिनी म्हणा. नाहीतरी तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरचे पंप आमच्याकडंच येतात."

त्यांच्या वाट्याला पाणी खातं आलं. तिथले अभियंता साहेब एकवीस वर्षं त्याच खात्यात होते. माणूस सरळ, पण शब्दांना भलताच कंजूष. त्यांनी वहिनींना दोनच प्रश्न विचारले.

"कॉम्प्युटर येतो?"

"येतो."

"भांडणं ऐकून घेता येतात?"

"लग्नाला चोवीस वर्षं झाली, साहेब."

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. वहिनींना तक्रारीचं टेबल मिळालं.

आता या टेबलाची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळंच घडलं. पाणी येत नाही असा फोन आला की तक्रार नोंदवायची, तिला नंबर द्यायचा. मग पंधरा दिवस थांबायचं, कारण बऱ्याच तक्रारी तेवढ्यात आपोआप मिटतात. पंधरा दिवस उलटले की तक्रार थकीत झाली, आणि थकीत तक्रारींतल्या सगळ्यांत जुन्या असतील त्यांचीच यादी फिटरकडं जायची. इथवर ठीक. पण त्याच घरातून दुसऱ्यांदा फोन आला, तर जुनी तक्रार 'पुन्हा आली' म्हणून बंद करायची आणि नवी काढायची, नव्या नंबरानं, नव्या तारखेनं. म्हणजे गप्प बसणाऱ्याची तक्रार वयात यायची आणि रोज ओरडणाऱ्याची रोज नव्यानं जन्माला यायची. हे कुणी लबाडीनं केलेलं नव्हतं. एका घराच्या चार तक्रारी नकोत, वही सुटसुटीत राहावी, एवढाच हेतू. एकवीस वर्षांत कुणाला त्यात खोट दिसली नाही, आणि वहिनींनाही दिसली नाही.

उलट वहिनींनी त्यात स्वतःची भर घातली. आल्या तेव्हा चारशे बारा तक्रारी थकीत होत्या. वहिनींना वाटलं, ही माणसं आहेत, आकडे नव्हेत. यांची निदान विचारपूस तरी करावी. म्हणून त्या एकेकाला फोन लावायला बसल्या. "नगरपालिकेतून बोलतेय. पाण्याचं काय झालं तुमच्या?" काही म्हणाले, कधीच आलं की! त्या तक्रारी मिटल्या. बाकीचे म्हणाले, नाही हो, अजून तसंच. मग वहिनी हळहळायच्या, जुनी तक्रार रीतसर बंद करायच्या, नवी काढायच्या आणि दर आठवड्याला न चुकता पुन्हा फोन करायच्या. साहेबांनी हे पाहिलं आणि चक्क दोन शब्द बोलले. "छान चाललंय."

पाच महिन्यांत थकीत तक्रारी चारशे बारावरून एकोणीसवर आल्या. पी हळद आणि हो गोरी! मुख्याधिकारी मॅडमनी मासिक सभेत तो आकडा वाचून दाखवला. इतर खात्यांतले लोक टेबल बघायला आले. साहेब रोज अकराला आपल्या चहाबरोबर वहिनींचाही चहा मागवू लागले, आणि त्या खात्यात याच्या वरचा मान नव्हता.

आणि वहिनींना हे सगळं फार आवडू लागलं होतं, ते का लपवा? साडेनऊला डबा घ्यायचा, ओळखपत्र गळ्यात घालायचं आणि भर रस्त्यातून चालत कामाला जायचं. त्यांना ते वर्षापुरतं नको होतं, पुढंही हवं होतं. त्याची वाट एकच होती. अकराव्या महिन्यात मॅडमसमोर आढावा व्हायचा. प्रत्येक फेलोनं आपलं काम सांगायचं, आणि शेवटी मॅडम त्याच्या खातेप्रमुखाला एकच प्रश्न विचारणार, हा माणूस पुढं हवा की नको? हवा म्हटलं तर तीन वर्षांचं काम पक्कं. नको म्हटलं तर हार घ्यायचा, फोटो काढायचा आणि घरी जायचं. वहिनींचं 'हवी' पक्कं आहे, हे पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं.

आढाव्याला तीन आठवडे उरले होते. एका सुट्टीच्या दिवशी वहिनी दुकानात डबा द्यायला उतरल्या. बाकावर तीन जळक्या मोटारी ओळीनं होत्या. गिऱ्हाइकांची अदलाबदल होऊ नये म्हणून नवरा मोटारीवर पांढऱ्या रंगानं घराचा नंबर घालतो. सात, चौदा, बावीस.

"कुठल्या या?"

"टाकीमागच्या गल्लीतल्या. या वर्षात अकरा झाल्या."

"एकाच गल्लीत एवढ्या जळतात?"

"कोरड्या चालतात ना. नळालाच मोटार लावून पाणी ओढतात बिचारे. पाइपात पाणीच नाही म्हटल्यावर मोटार ओढणार काय, वारा? तापते आणि जळते."

"पण त्या गल्लीची एकसुद्धा तक्रार थकीत नाही," वहिनी म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता थांबल्या. कारण सात, चौदा, बावीस हे नंबर त्यांच्या बोटांना पाठ होते. दर आठवड्याला त्या स्वतःच ते टाइप करत होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी आजवर कुणी न केलेली गोष्ट केली. तक्रारी नंबरानं न लावता घरानं लावल्या. एकट्या चौदा नंबरच्या घराच्या बेचाळीस निघाल्या. पहिली तक्रार दोन वर्षं आणि दोन महिन्यांपूर्वीची. एक्केचाळीस बंद, एक चालू, आणि कागदोपत्री तिचं वय चार दिवस! तिथून एकही कागद कधी फिटरकडं गेलेला नव्हता. वहिनींच्या पायाखालची वाळू सरकली. त्या जेवणाच्या सुट्टीत तडक त्या गल्लीत गेल्या.

पाण्याची उंच टाकी गल्लीच्या डोक्यावरच उभी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाइप सगळ्या वस्तीला वळसा घालून शेवटी इथं पोचायचा. चौदा नंबरला एक निवृत्त नर्स राहायची, सगळे तिला सिस्टर म्हणत. बादल्या, पातेली, बरण्या, झाकणाचे डबे, जे मिळेल त्यात पाणी साठवलेलं होतं, अगदी कपाटाखालीसुद्धा. वहिनींचा आवाज ऐकताच सिस्टर खुलली.

"तूच ना गं ती फोनवाली? ये, बैस. अगं, आधी मी दर महिन्याला ऑफिसात येऊन तंडायची. तू फोन करायला लागलीस, तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं, आता भांडायचं नाही. एवढं मायेनं विचारतेय पोरगी, होईल काहीतरी."

वहिनींच्या कुणी कानाखाली मारली असती तरी परवडलं असतं. आपल्या गोड बोलण्यानं आपण या गल्लीचं तोंड बंद केलं, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी बसून पाणी घ्यायचंही नाकारलं. ते पाणी त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं.

साहेबांपुढं सगळे कागद ठेवले तेव्हा साहेबांनी ते दोनदा चाळले. मग म्हणाले, "आढावा झाल्यावर बघू."

"साहेब, गल्लीला दोन वर्षं झाली."

"मग अजून तीन आठवड्यांनी काय होतंय? वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं काम पक्कं आहे. ते का घालवता?"

"त्या मुठीत त्यांचं पाणी आहे, साहेब."

साहेबांनी कागद परत सरकवले. "जुन्या तारखा लावायच्या तर लावा. पण तुमच्या सहीनं. माझी मागू नका."

घरी मुलगी ऐकून उसळलीच. "आई, हात दाखवून अवलक्षण कशाला? तू तर नियमानंच केलंस ना!" नवरा संध्याकाळभर चौदा नंबरची मोटार बांधत राहिला. झाल्यावर म्हणाला, "मी ही देईन बांधून. पण महिन्यानं परत येणार. हे मलाही ठाऊक आणि तुलाही."

वहिनींनी चार दिवस बसून एकेका तक्रारीला तिची खरी, पहिली तारीख परत लावली. प्रत्येक ओळीवर स्वतःची सही. थकीत एकोणीस होत्या, त्या तीनशे सेहेचाळीस झाल्या. फिटरच्या टेबलावर यादीचा गठ्ठा पडला तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. साहेबांचा चहा एकट्याचाच येऊ लागला. वहिनींना त्याचं फार लागलं. चहाचं नव्हे, पण हो, थोडं चहाचंही.

आठवड्याभरानं सिस्टरचा फोन आला. "अगं, गल्लीच्या तोंडाशी खोदतायत! स्वतः तुझे साहेब उभे आहेत, डोक्यावर रुमाल टाकून." रस्ता नवा केला तेव्हा गल्लीचा व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला होता, तोही निम्मा बंद असलेला. दोन दिवसांत पस्तीस घरांना पाणी आलं. साहेबांनी याबद्दल वहिनींना अवाक्षर सांगितलं नाही. वहिनींनी त्या पस्तीस घरांना फोन केले, आणि या वेळी पाणी बादलीत पडताना ऐकून मगच तक्रार बंद केली. राहिल्या तीनशे अकरा.

आढाव्याचा दिवस उजाडला. सभागृह भरलेलं, घरच्यांनाही बोलावलेलं. मुलगी कॉलेज बुडवून आली होती. नवरा दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत. आठ मुलांनी पडद्यावर रंगीत आकृत्या दाखवल्या, सगळ्या रेघा वर चढणाऱ्या. प्रत्येक वेळी मॅडमनी खातेप्रमुखाला विचारलं, हवा की नको, आणि उत्तरं येत गेली. दोघांना नको ऐकावं लागलं. मग वहिनी उठल्या. त्यांच्याकडं आकृती नव्हती, एक कागद होता.

"मी आले तेव्हा चारशे बारा तक्रारी थकीत होत्या," त्या म्हणाल्या. "पाच महिन्यांनी मी एकोणीस दाखवल्या. त्याचं कौतुक झालं. तो आकडा खोटा होता. लोक पुन्हा सांगत होते आणि मी त्यांचं जुनं सांगणं खोडत होते. त्यामुळं तीनशेच्या वर घरांकडं कुणी गेलंच नाही. आज खरा आकडा तीनशे अकरा आहे. चूक माझ्या हातून झाली, सह्या माझ्या आहेत."

एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी घातली. रीत कुणाची, शिकवली कुणी, यातलं चकार शब्दानं बोलल्या नाहीत. आठ मुलांपैकी एकीनं तोंडावर हात ठेवला.

मॅडमनी चष्मा काढला. "हे तुम्ही आज सांगितलं नसतं, तर कुणाला कळलं असतं?"

"त्या गल्लीला कळलेलंच होतं, मॅडम. कळायचं फक्त आपलं राहिलं होतं."

मॅडम साहेबांकडं वळल्या. "अभियंता साहेब, ही फेलो पुढं हवी की नको?"

साहेब उठले. घसा साफ केला. वहिनींनी जमिनीकडं पाहिलं. या माणसाचं एकवीस वर्षांचं नाव आपण चारचौघांत मातीत घातलं, तो काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा राग धरायचा नाही असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"या बाईंनी एक गोष्ट सांगायची टाळली," साहेब म्हणाले. "तक्रार बंद करायची ही रीत माझी आहे. या टेबलावर मीच ती सुरू केली, त्यांच्या आधी सहा जणांना शिकवली, त्यांनाही मीच शिकवली. कागद माझ्यापुढं आले तेव्हा मी म्हटलं, आढावा होऊ द्या. सही त्यांनी एकट्यांनी केली, कारण मी केली नाही." ते थांबले. त्यांनी एकवीस वर्षांत सलग एवढी वाक्यं बोलल्याचं कुणालाही आठवत नव्हतं. "मला काल घरी झोप लागली नाही, मॅडम. हवी. तीन वर्षं कमी पडतील, पण हवी."

टाळ्या आधी त्या आठ मुलांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. वहिनींना रडू फुटलं आणि त्यांनी ते मुळीच आवरलं नाही. मुलगी खुर्च्यांमधून वाट काढत पुढं धावली. शेवटच्या रांगेत नवरा उभा राहिला होता, त्याला बसायचं सुचेना. शेजारच्या अनोळखी माणसानं विचारलं, "कोण हो या बाई?"

"आमची मंडळी," तो म्हणाला. त्या माणसानं ऐकलं होतं, तरी नवऱ्यानं ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.